पिस्ता रंगाची खोली

६ एप्रिल २०२५, इंदिरानगर, नाशिक

लग्नाच्या गडबडीत डायरी बॅगेच्या तळाशीच राहिली होती. आज काढली. तर मी, संजना, कालपरवापर्यंत चांदवडच्या शाळेतली चित्रकलेची बाई, आता नाशकात एका रो-हाऊसची मालकीण झाले आहे! छत्तिसाव्या वर्षी लग्न झालं की गावातले लोक नवरीकडे कमी आणि तिच्या नशिबाकडे जास्त बघतात. बघू देत. किशोर चांगले वाटतात. कॉलेजात फिजिक्स शिकवतात, बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नाही. त्यांची पहिली बायको सरिता, दोन वर्षांपूर्वी किडनीच्या आजारानं गेली. सासूबाई देवाधर्मातल्या आहेत, पण माझ्या चहाला नावं ठेवत नाहीत. एवढं पुष्कळ झालं.

आणि गौतमी, सरिताची मुलगी. चौदा वर्षांची, दहावीत जाणार. उंच, शांत, डावरी. दिवाणखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते आणि आजीच्या खोलीत झोपते. पोळीचं पीठ लागलेल्या टेबलावर बीजगणित! वरची मागची खोली तर मोकळी पडून आहे. मी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तिथे अडगळ आहे आणि ऊन फार येतं. मी म्हटलं, पडदे लावू. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर खोली तयार करून देते. कोणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. मी तो होकार धरला.

मला या मुलीची आई व्हायचं नाही, तेवढी अक्कल आहे. पण तिला दार लावून बसायला एक जागा देता आली, तर सुरुवात बरी होईल.

८ एप्रिल

दिवसभर खोलीतच होते. अडगळ म्हणजे एक गादी, बंद पडलेला मिक्सर आणि जुनी कॅलेंडरं. बाकी खोली छान आहे. पश्चिमेला मोठी खिडकी, तिला जाळी, वर गच्ची. ऊन खरंच फार आहे. दुपारी चारला भिंतीला हात लावला तर चटका बसला.

कागदावर आखणी केली. टेबल खिडकीत नको, दक्षिणेच्या भिंतीला. गौतमी डावरी, तेव्हा उजेड उजव्या बाजूनं यायला हवा, नाहीतर लिहिताना स्वतःच्याच हाताची सावली पडते. हे शाळेत शिकले, डावऱ्या मुलांना बाक बदलून देता देता. टेबलाच्या वर पुस्तकांच्या फळ्या, शेजारी जाड सुती कापड लावलेला बोर्ड, वेळापत्रक टोचायला. पलंगाखाली खण. एक भिंत गडद, बाकी तीन फिक्या.

गौतमीला रंगाचं कार्ड दाखवलं. तिनं बराच वेळ पान उलटलं नाही. मग पिस्ता रंगावर बोट ठेवलं आणि विचारलं की तिनं ती खोली नको म्हटलं तर चालेल का. मी म्हटलं, आधी होऊ दे तर खरी, मग ठरव. ती हसली नाही.

१० एप्रिल

रंगनाथ पेंटर आले. गप्पिष्ट माणूस, सिन्नरचे. दक्षिणेची भिंत खरवडताना त्यांनी मला हाक मारली. जुन्या रंगाखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, कशानं तरी कोरलेली अक्षरं होती. क, का, कि, की. बाराखडी अर्धवट, पुन्हा पुन्हा गिरवलेली. सगळी अक्षरं डावीकडे कललेली. आणि एका बाजूला एक अख्खा शब्द, काकू.

मला गंमत वाटली. कोणी पोर जमिनीवर बसून शिकत होतं. संध्याकाळी किशोरना सांगितलं. ते म्हणाले, पूर्वी वर भाडेकरू होते, त्यांची मुलं असतील. सासूबाई जपमाळ घेऊन उठून आत गेल्या.

रंगनाथांनी लांबी, म्हणजे पुट्टी भरून भिंत गुळगुळीत केली.

१३ एप्रिल

लांबीवर अक्षरं परत उमटली आहेत. ओल असेल, असं रंगनाथ म्हणाले. पण ओलीला बाराखडी येत नाही. त्यांनी घासून पुन्हा लांबी भरली, प्रायमर मारला. आज दुपारी बघते तर बाराखडी पुढे गेली होती. ग, गा, गि. ख वगळून.

अक्षरं डावीकडे कललेली. गौतमीची वही पाहिली. तिचीही तशीच आहेत. मला वाईट वाटलं. खोली नको असेल तर तोंडानं सांगावं, असा खेळ कशाला? जेवताना आडून आडून बोलले. गौतमीनं ताट अर्धं सोडलं. जाताना एवढंच म्हणाली की ती त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही, मी जिन्यावर पीठ पसरून बघावं. चौदाव्या वर्षी हे असं बोलतात का?

१६ एप्रिल

रंग झाला. सुतारानं टेबल बसवलं. पिस्ता भिंतीवर पांढऱ्या फळ्या इतक्या सुरेख दिसतात, की मी दारात उभी राहून स्वतःचंच कौतुक करत होते.

तेव्हा दिसलं. टेबलाखाली, ओल्या रंगात, आजि. दुसरी वेलांटी हवी, पहिली दिलेली.

गौतमी तेव्हा शाळेत होती. घरात मी आणि सासूबाई. आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही.

मी खाली आले तर त्या स्वयंपाकघरात माठाशी उभ्या होत्या. तांब्याच तोंडाला लावलेला, पाणी हनुवटीवरून पदरावर. म्हणाल्या, आज ऊन फार आहे गं.

१८ एप्रिल

सासूबाईंची तहान थांबत नाही. माठ रिकामा करतात, पुन्हा मागतात. ओठ फाटून रक्त येतं. जीभ वाळलेल्या चिंचेसारखी. इतकं पाणी पिऊन कोणाची जीभ अशी कशी कोरडी? डॉक्टरांनी साखर तपासली, किडनी तपासली, सगळं ठीक. पाण्यावर बंधन घाला म्हणाले. बंधन घातलं तर त्या बाथरूममधल्या बादलीशी गेल्या.

किशोर आईकडे बघतच नाहीत. जिन्याकडे बघतात.

२० एप्रिल

सासूबाई गेल्या. दवाखान्यात, सकाळी, सलाईन चालू असताना. शेवटपर्यंत पाणी मागत होत्या. नर्सनं ओला कापूस ओठांवर ठेवला, तो क्षणात वाळला. मी पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर वाळला.

२२ एप्रिल

गौतमीनं सांगितलं. आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो, आणि ती एकदम म्हणाली की तिच्या आईलाही अशीच तहान लागली होती. किडनीचा आजार नंतर लोकांना सांगायला.

मग सगळं सांगितलं. हातातली चादर खाली न ठेवता.

वर भाडेकरू कधीच नव्हते. त्या खोलीत बुधी राहायची. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची मुलगी, गौतमीपेक्षा जराशी मोठी. किशोरनी तिच्या आईबापांना सांगितलं होतं, शहरात शाळेत घालतो, स्वतःच्या मुलीसारखी ठेवतो. आणली, आणि तिच्या हातात झाडू दिला. शाळा पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी. गौतमी तिला चोरून अक्षरं शिकवायची. म्हणून ती डावीकडे कलतात. डावऱ्या मुलीनं शिकवलेली अक्षरं.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात हे सगळे कोकणात गेले. बुधीला घर राखायला ठेवलं. पण घर मोकळं नको, ती गावाकडच्यांना बोलावेल, फ्रिज उघडेल, म्हणून सासूबाईंनी तिला वरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. सोबत पोळ्या आणि एक कळशी. रविवारी परत यायचं होतं. समुद्र आवडला, म्हणून मुक्काम वाढवला. गौतमी रडली, बुधी आत आहे म्हणाली. आजी म्हणाली, पाणी ठेवलंय तिला. बाबा म्हणाले, उद्या बोटीतून जायचंय ना तुला?

शेजारचे सुटीला गावी गेलेले. आणि ती खोली. मी त्या भिंतीचा चटका हाताला अनुभवलाय.

तापानं गेली, असं सांगून किशोरनी प्रेत जीपमधून पाड्यावर पोचवलं. सरितानं, तिच्या काकूनं, तिला नवा फ्रॉक घालून दिला होता.

गौतमी म्हणाली, मी बोटीत बसले. खूप मजा आली होती.

मी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी उभी राहिली.

२३ एप्रिल

किशोरना विचारलं. मला वाटलं होतं ते नाकारतील, चिडतील. ते पेपर तपासत होते, पेनाचं टोपण लावून शांतपणे म्हणाले, "दुर्दैव होतं. मुद्दाम कोणी केलं का? आणि तिच्या बापाची काही तक्रार नव्हती."

मी म्हटलं, "त्याला खरं सांगितलं असतं तर असती."

"संजना, त्या लोकांत पोरं जातात अशी. तापानं, सापानं. ते विसरलेही असतील. तू नवीन आहेस, या घराचं बरंवाईट आता तुझंही आहे. हा विषय संपला."

आवाज चढला नाही. मला तोच आवाज आवडला होता.

ते पेपर तपासायला लागले. मी त्यांच्या मानेकडे बघत उभी राहिले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की या माणसाचं वाईट व्हावं. सावकाश व्हावं.

२४ एप्रिल

काका.

आज दुपारी, टेबलाच्या वर. अक्षर सुधारलं आहे.

डब्यात पिस्ता रंग उरला आहे. ब्रशही धुवून ठेवलेला. मी पुसलं नाही. किशोरना सांगितलंही नाही. बोर्ड आणून त्याच्यावर अडकवला, त्यांनी बघू नये म्हणून.

मग खाली जाऊन जेवण वाढलं. त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. पुन्हा मागितलं. पुन्हा दिलं.

२५ एप्रिल

आज ते कॉलेजला गेले नाहीत. मी समोर बसून बघते आहे. मला दया यायला हवी. येत नाही. मी बुधीला कधी पाहिलं नाही, पण कळशी संपल्यावरची ती खोली सारखी दिसते. दार वाजवून वाजवून खाली बसलेली पोर दिसते. आणि हे बोटीत!

त्यांनी बोर्ड काढून शब्द पाहिला. हातोडी आणून भिंत फोडली. प्लास्टर पडलं. आत विटेवर तेच. काका.

माझ्याकडे वळले, म्हणाले, "तू पाहिलं होतंस."

मी म्हटलं, "हो."

२७ एप्रिल

किशोर गेले. भरदुपारी. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत, डोकं खाली, पाय बाहेर. पोलीस आले, नातेवाईक आले. तोल गेला असं लिहिलं. टाकी काठोकाठ भरलेली होती, आणि त्यांचे ओठ तडकलेले.

मी रडले नाही. जिना उतरताना मनात म्हटलं, झालं बुधी. फिटलं. आता जा बाई.

२८ एप्रिल

नाही गेली.

ग.

मला वाटलं जुनी बाराखडी वर आली. सकाळी ग, दुपारी गौ.

गौतमीला भिंतीवरचं सांगून, तिला घेऊन चांदवडला आले, आईकडे. ती खोली मागे राहिली, आता काही नाही होणार. बसमध्ये गौतमीनं दोन बाटल्या पाणी संपवलं. ऊन आहे. एप्रिल आहे. सगळेच पितात.

२९ एप्रिल

सगळेच इतकं पीत नाहीत.

आईच्या अंगणातल्या रांजणाला तोंड लावून— माझ्या आईनं मागे ओढलं तेव्हा तिच्या हाताला चावली. मग रडत माफी मागितली. म्हणते, मी तिला शिकवत होते ना हो? मग माझं नाव का? मी अकरा वर्षांची होते. मी सांगितलं होतं त्यांना.

तिचा बापही मीच मरू दिला. बोर्ड अडकवून. तेव्हा मला वाटलं, बुधी आणि मी एका बाजूला आहोत.

तिला बाजू नाही. तिला फक्त तहान आहे.

३० एप्रिल, आखाजी

सुतकात घराबाहेर पडू नये म्हणतात. पडले. गौतमीकडून पाड्याचं नाव घेतलं, तिला आईकडे सोडलं, सुरगाण्याची बस, पुढे जीप. बुधीची आई, बयाबाई, पाड्यावर भेटली. द्राक्षबागांच्या मजुरीहून नुकती परतलेली. नवरा मंगळू गेल्या वर्षी वारला. सणामुळे माहेरवाशिणी आलेल्या, पोरी झोक्यावर. मी त्या झोक्यांकडे बघत सगळं सांगितलं. एक शब्द झाकला नाही.

ती ओरडेल, मारेल, वाटलं होतं. तिनं एकच विचारलं, "पाणी किती ठेवलं व्हतं?"

"एक कळशी."

ती उठली, लुगड्याला हात पुसले आणि माझ्यासोबत निघाली.

नाशकातल्या घरी आल्यावर मी पाणी पुढे केलं. या घरचं पाणी नको, म्हणाली. वर गेली. भिंतीशी खाली बसली. एकेका अक्षरावरून बोट फिरवत विचारायला लागली, हे काय, हे काय. मी वाचून दाखवलं. ही आजी. हे काका. ही काकू.

"आन हे अर्धं?"

"गौतमी. अजून पूर्ण नाही."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मला ते विसरता येणार नाही. "माझ्या पोरीला लिवाया येतंय," ती म्हणाली.

मी पाया पडले. म्हटलं, तिला हाक मारा, घरी चल म्हणा. या घरात आता गौतमीच उरली आहे, हिनंच तिला अक्षरं दिली. आई बोलावते म्हटल्यावर ती येईल.

बयाबाई म्हणाली, "साळेत घालतो म्हनून नेली व्हती ना तुमी? मग शिकू द्या तिला. मी नाय नेनार."

मी रडत होते. तिनं मला हातानं उठवलं, रागानं नाही. "तुझी हाय का ती पोर?"

मी डोळे पुसत राहिले.

"नाय ना? मग जा तू तुझ्या वाटंनं. तुला काय नाय करायची ती."

"माझी आहे," मी म्हटलं.

"मग मला काय इचारती? तिच्याशीच बोल."

शेवटची जीप चुकेल म्हणून निघाली. उंबऱ्यात थांबून खोलीकडे वळून पाहिलं. हाक मारली नाही.

१ मे, सकाळ

गौतम. आता फक्त वेलांटी राहिली.

आईचा फोन. गौतमी ओल्या गोणपाटाला चोखते आहे. डोळे उघडत नाहीत.

टेबलापाशी बसले आहे. बुधीशी बोलते आहे. मोठ्यानं. सांगितलं, चिडायचा तुझा हक्क आहे. मी अडवलं नाही तुला, किशोरच्या वेळी तर मदतच— पण ही नको. हिला मोठ्यांनी ओढून नेलं होतं. हिला कोणी विचारलं नव्हतं, तुलाही नव्हतं.

भिंत तापत चालली आहे.

दुपार

वेलांटी सुरू झाली. पाहिली. कोणी दिसत नाही, रंग नुसता आपोआप सोलत जातो, वरून खाली, सावकाश. मन लावून.

सुतार एक खिळा विसरून गेलाय. तो घेतला. तिच्या हाताशेजारी— हात होता, गार नव्हता, भाजत होता— मी माझं नाव कोरायला घेतलं. सं. म्हटलं, बुधी, हे बघ. या घरात आता मी मोठी आहे. मोठ्यांचं नाव लिही.

ज.

थांबली. बघते आहे असं वाटलं.

ना. पूर्ण केलं.

वेलांटी अर्धीच राहिली आहे. गौतमच्या अक्षरांवर रंग परत— मिटताहेत. एकेक. मिटताहेत!

नंतर

आईचा फोन. गौतमीनं पाणी नको म्हटलं. कुशीवर वळून झोपली. ओठ ओले आहेत, आई म्हणाली. दोनदा विचारून घेतलं.

तांब्या संपला. बाटलीही.

माझ्या नावाखाली तिनं रेघ ओढली. सरळ. आम्ही शाळेत बरोबर उत्तराखाली ओढतो तशी—

लिहायला हवं. जीभ टाळूला— अक्षर नीट येत नाही.

गौतमी झोपली आहे. हे नक्की. ती झोपली आहे, तिला आता पाणी नको, आणि मला